दार लावल्यावर चालणारा राउटर

वाडीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी. त्यामुळे वाडीतल्या सगळ्या यंत्रांची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. कुणाचा मोबाइल मुका झाला, कुणाच्या टीव्हीत मुंग्या दिसायला लागल्या, की हाक यायची, "त्या कॉलेजवाल्या चेडवाक बोलवा गो!" मी विज्ञान शाखेत दुसऱ्या वर्षाला संगणक हा विषय घेतला होता, एवढंच. टीव्हीतल्या मुंग्यांबद्दल आम्हाला काही शिकवलेलं नव्हतं. पण 'मला येत नाही' असं म्हणायचा धीर होत नसे. मी गंभीर चेहऱ्याने वायर काढायचे, तिच्यावर फुंकर मारायचे आणि परत लावायचे. बऱ्याचदा यंत्र चालू व्हायचं. त्यामुळे माझ्या ज्ञानाबद्दल माझ्याखेरीज कुणालाच शंका नव्हती.

तेव्हा आमच्या गावात टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. आमच्या घरात ते आलं थोरल्या भावामुळे. तो मालवाहू बोटीवर नोकरीला. लग्न झालं आणि दोन महिन्यांत त्याला परत बोटीवर जावं लागलं. जाताना तो वहिनीसाठी एक लॅपटॉप ठेवून गेला. बोट बंदराला लागली की तो किनाऱ्यावर उतरून इंटरनेट शोधायचा आणि घरी व्हिडिओवर बोलायचा. भर समुद्रात ती सोय नव्हती. म्हणजे बंदर येईल तेव्हा बोलणं, आणि बंदर कधी येईल ते बोटीच्या कप्तानाला माहीत.

इंटरनेट यायचं ते ओटीवर, टेलिफोनच्या शेजारी ठेवलेल्या मोडेममध्ये. त्या मोडेमला भोक एकच आणि त्यातून निघणारी वायर हातभर. धाकट्या भावाचा कॉम्प्युटर तिथेच ओटीवर होता. वायर बहुतेक वेळ त्याच्याकडे असायची, कारण तो कॉम्प्युटरवर मोटारी पळवायचा. वहिनीला बोलायचं असलं की त्याची वायर काढून तिच्या लॅपटॉपला लावायची आणि तिने ओटीवर, सगळ्यांच्या मधोमध बसायचं.

सगळ्यांच्या म्हणजे खरोखर सगळ्यांच्या. बोट बंदराला लागली ही बातमी शेजारच्या मावशीला आमच्याआधी कळायची असा आम्हाला संशय होता. मावशी बाजारात मासे विकायची. तिचा आवाज बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा, आणि घरात बोलताना तो लहान करावा असं तिला कधी वाटलं नाही. ती यायची, तिच्यामागून तिच्या सुना, सुनांमागून पोरं. ओटी भरून जायची. पडद्यावर भावाचा चेहरा तुकड्यातुकड्याने उमटायचा आणि मावशी सुरू व्हायची.

"रे झिला, थंय जेवक काय गावता?"

"सगळा गावता, मावशे. कोंबडी गावता."

"आणि म्हावरा?"

"म्हावरा नाय."

"दर्यात ऱ्हवतंस आणि म्हावरा नाय? शिरा पडो तुझ्या त्या बोटीर!"

मग बाबा पुढे सरकायचे. बाबा मच्छीमार. त्यांना मुलाच्या तब्येतीपेक्षा बोटीच्या इंजिनाची काळजी जास्त. इंजिन केवढं, तेल किती पितं, आवाज कसा करतं. भाऊ सांगायचा, "बाबा, ता आपल्या घराएवढा आसा," आणि बाबा घराकडे एकदा वळून बघायचे. मग आई, मग थोरले काका, मग धाकट्याची फर्माईश. सगळ्यात शेवटी वहिनी. ती पदर सारखा करायची आणि पडद्याकडे न बघता विचारायची,

"बरे आसात?"

"बरो आसंय. तू?"

"बरी आसंय."

त्यावर मावशी, "अगो, मोठ्यान बोल! घोवाकडे बोलतंस काय बँकेतल्या सायबाकडे?"

ओटी हसायची. वहिनीही हसल्यासारखं करायची. तेवढ्यात तार तुटायची आणि पडद्यावर भावाचं अर्धं तोंड उघडं राहून जायचं. मग पुढचं बंदर येईपर्यंत तेवढंच.

असं तिसऱ्यांदा झालं, त्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होती. मी समोर बसून लसूण सोलत होते. ती खवता खवता म्हणाली, "ता बिनवायरीचा आसता मा, काय ता? तुमच्या कॉलेजात?"

"राउटर."

"ता."

मी म्हटलं, आणूया. धाकट्याला कधीपासून हवाच आहे.

तिने नारळाची दुसरी वाटी घेतली. मग मान वर न करता ती म्हणाली, "दार लावल्यार चालता काय, तेवढा इचार."

मी लसणीकडे बघत 'बरं' म्हटलं. आम्ही दोघी एका वयाच्या. तिला काय हवं होतं ते मला कळलं, आणि मला कळलं ते तिलाही कळलं. घरात दुसऱ्या कुणाला मात्र हे सांगता येण्यासारखं नव्हतं. नव्या सुनेला नवऱ्याशी दार लावून बोलायचंय, हे वाक्य आमच्या ओटीवर उच्चारलं असतं, तर मावशीने ते बाजारात टोपलीबरोबर नेलं असतं.

राउटर घ्यायचा म्हटल्यावर घरात ज्याची त्याची मागणी सुरू झाली. धाकट्याने कुठल्याशा जाहिरातीत तीन अँटेनांचा काळा राउटर बघितला होता, तांबडे दिवे लुकलुकणारा. खेळात त्याची मोटार अडखळायची, आणि मोटार अडखळते ती राउटर नसल्यामुळे, असं त्याचं म्हणणं. थोरल्या काकांना दशावताराचा नाद. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इंटरनेटवर नाटकं सापडतात आणि ती उतरवून ठेवता येतात. शिवाय असा राउटर मिळतो की त्यात डिस्क खुपसून ठेवली की तो एकटाच बसून नाटक उतरवतो, कॉम्प्युटर चालू ठेवावा लागत नाही. काकांना तो पाहिजे होता. "आपण निजाचा आणि तेना काम कराचा. असो माणूस सुद्धा गावणा नाय," असं ते म्हणाले. बाबांची अट एकच, खाऱ्या हवेत गंजायला नको.

निवड माझ्यावर सोपवली गेली, कारण मी कॉलेजवाली. मी घाबरून ग्रंथालयात जाऊन कॉम्प्युटरची मासिकं चाळली. त्यांत राउटरांची तुलना होती, पण ती शहरातल्या फ्लॅटांसाठी लिहिलेली. शेवटी प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं. सर म्हणाले, खोक्यावर जो मोठा आकडा छापतात तो घरातल्या घरातला वेग. बाहेरून तार जेवढं आणते, त्यापेक्षा जास्त कुठलाच राउटर देऊ शकत नाही. विहिरीला पाणी करंगळीएवढं येत असेल, तर पंप केवढाही बसवा. म्हणजे आमच्या तारेवर धाकट्याची मोटार तीन अँटेनांनीही अडखळणार होती. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझे सर कधी खेळलेहत काय?"

मग मी कुडाळच्या बाजारात गेले. दुकानदाराने तीन राउटर काढून समोर मांडले. एका अँटेनाचा स्वस्तातला, दोन अँटेनांचा पांढरा आणि तो तीन अँटेनांचा काळा, जो मला उलट्या पडलेल्या कुर्लीसारखा, म्हणजे खेकड्यासारखा, दिसला. दुकानदार शुद्ध मराठीत सांगायला लागला, "गेमिंगसाठी हा, डाउनलोडसाठी हा, साध्या वापरासाठी हा. आपला उपयोग काय?"

मी एका दमात म्हटलं, "दार लावल्यावर चालेल का?"

"दार कसलं आहे?"

"फणसाचं."

"आणि भिंत?"

"चिऱ्याची."

तो हातातला राउटर ठेवून माझ्याकडे बघत राहिला आणि त्याची शुद्ध मराठी संपली. "चिऱ्याची भित? अगो, तेतूर लोखंड आसता. एक भित कशीतरी पार करतलो. दोन भिती म्हणशीत तर देवाक सांग." मग त्याने सल्ला दिला. दोन अँटेनांचा घे, काळ्याचे दिवे जास्त आहेत, पोच काही जास्त नाही. आणि ठेवताना घराच्या मधोमध ठेव.

चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, लोखंड असतं हे मला भूगोलात शिकवलं होतं. त्याच्यावर मार्कही मिळाले होते. पण ते लोखंड माझ्या वहिनीच्या आड येईल असं पुस्तकात कुठे लिहिलं नव्हतं.

मी दोन अँटेनांचा पांढरा घेऊन घरी आले. धाकटा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काकांनी डिस्क खुपसायचं भोक शोधून बघितलं, सापडलं नाही, आणि म्हणाले, "बरा, बघूया." भावाची बोट पुढच्या आठवड्यात बंदराला लागणार असं कळलं होतं. घराच्या मधोमध आमचं देवघर आहे. मी मोडेमपासून लांब वायर ओढली आणि राउटर देवघराच्या कोनाड्यात ठेवला. शिवाय नवीन वस्तू आली की ती आधी देवासमोर ठेवायची आणि गाऱ्हाणं घालायचं ही आमची रीत, म्हणजे तेही आयतंच झालं. निदान मला तसं वाटलं.

गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्या काकांचा. घरचंच नव्हे, वाडीतलं कुठलंही गाऱ्हाणं तेच घालत. नवीन होडी, नवीन जाळं, नवीन सून, सगळ्यांची गाऱ्हाणी त्यांना पाठ. ते हात जोडून देवाला एकेक गोष्ट सांगत जातात, आणि प्रत्येक गोष्टीनंतर जमलेल्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा सगळ्यांनी व्हय म्हटलं की ती गोष्ट ठरली. मग ती मोडायची म्हणजे देवाच्या तोंडावर शब्द फिरवण्यासारखं.

पण राउटरचं गाऱ्हाणं काकांनाही नवीन. त्यांनी त्या दोन अँटेनांकडे, त्याच्या लुकलुकीकडे बघितलं, यंत्रच आहे म्हणून मनाशी ठरवलं आणि होडीच्या इंजिनाचं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी जा काय यंत्र हाडून तुझ्या पायाकडे बसयलेला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ता बसयल्या जाग्यावरसून हलाक देव नको, सरकाक देव नको, कसल्याय लाटेन डुलाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. सवयच असते ती.

इंजिनाच्या बाबतीत हे मागणं अगदी योग्य आहे. बैठकीवरून हललेलं इंजिन होडी घालवतं. बाबांनी तर गाऱ्हाण्याचा मान राखायचा म्हणून लगेच जाळ्याचं सूत आणलं, राउटर कोनाड्यातल्या खुंटीला आवळून बांधला आणि वर समुद्रात मारतात तसली गाठ मारली.

मग आम्ही लॅपटॉप घेऊन घरभर फिरलो. ओटीवर उत्तम. स्वयंपाकघरात चांगलं. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरसुद्धा सिग्नलची एक काडी. वहिनीच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक काडी, आणि उंबऱ्याच्या आत काहीच नाही. लग्नासाठी म्हणून ती खोली मागच्या पडवीला नवीन बांधलेली. देवघर आणि तिच्या मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती आणि एका भिंतीला टेकून लग्नातलं लोखंडी कपाट. वहिनी लॅपटॉप घेऊन उंबऱ्यावर बसून बघायची, मग आत एक पाऊल सरकायची, मग परत बाहेर. शेवटी तिने तो मिटला आणि म्हणाली, "ऱ्हवांदे. उंबऱ्यार बसान बोलतंय."

उंबऱ्यावर बसायचं म्हणजे दार उघडं. दार उघडं म्हणजे मावशी.

बोट लागायला तीनच दिवस उरले होते. राउटर खोलीशेजारच्या पडवीत आणून ठेवायचा, एवढंच करायचं होतं, आणि वायरही पुरत होती. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, गाऱ्हाणं घातलंय, काकांना विचार. दुपारी काका माजघरात पानाला चुना लावत बसले होते. मी दाराशी उभी राहिले.

"काय गो? पाय कित्याक घासतंस?"

"काकानू, तो राउटर थंयसून हलवक होयो."

"कित्याक? ओटीर येता, चुलीकडे येता. विहिरीरसुद्धा येता म्हणी. बावडेक कित्याक होया ता देवाक म्हायत."

"मागच्या खोलयेत येना नाय."

काकांनी पान दुमडलं. "मागच्या खोलयेत कोणाक होया?"

माझ्या तोंडातून निघालं, "खोलयेक."

"खोलयेक!" काकांनी पान तोंडात घालायचं थांबवलं. "खोलयेचा बोलणा आसा काय कोणाकडे?"

मग त्यांनी पान तोंडात घातलं, बराच वेळ चघळलं आणि एकदम दुसरंच बोलले. "तेवा माझी जरा चूकच झाली. मी इंजिनाचा गाऱ्हाणा घातलंय. ह्या काय इंजिन न्हय. ह्याचा काम काय ता माका नीट सांग. तसा घालतंय. गाऱ्हाण्यान बांधलेला गाऱ्हाण्यानच सोडूक होया."

मी धीर करून सांगायला लागले. धाकट्याचा खेळ अडखळू नये. तुमची नाटकं नीट उतरावीत. वायरीशिवाय कुठेही बसून चालावं. काका एकेक बोट दुमडत लक्षात ठेवत होते. शेवटी, जणू यंत्राच्या माहितीतलंच एक कलम असल्यासारखं, मी म्हटलं, "आणि दार लावलेला आसला तरी चलाक होया."

"दार," काका म्हणाले आणि त्यांनी आणखी एक बोट दुमडलं. चेहरा अगदी साधा.

संध्याकाळी नारळ ठेवला. आमच्याकडे नारळ ठेवलाय म्हटल्यावर शेरणीच्या, म्हणजे प्रसादाच्या, खोबऱ्यासाठी वाडी जमली. मावशी सगळ्यांच्या पुढे. वहिनी मागे, स्वयंपाकघराच्या दारात. बाबा कोनाड्याशी गाठ सोडत होते आणि ती सुटत नव्हती, कारण मारली होती त्यांनीच. काकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! गेल्या टायमाक जा काय आमी अजाणपणान बांधून घातला, ता आज सोडून, हलवून, पडवेत नेतंव. तेका तुझी परवानगी आसां दे."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातलो झील ज्यो काय मोटारी पळवता, तेची मोटार कोणार आपटाक देव नको."

"व्हय म्हाराजा!" धाकट्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

"माझी नाटका, सुरवातीपासून शेवटपर्यंत, मदी न तुटता उतरां देत."

"व्हय म्हाराजा!"

वाडीला आता लय सापडली होती. काकांनी आवाज चढवला आणि वेगही.

"आणि म्हाराजा, ह्या घरची सून जेवा आपल्या घोवाकडे बोलात, तेवा दार लावलेला आसला तरी तेचो आवाज तिका पोचव..."

"व्हय म्हाराजा!"

"...आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्याय कानार ता पडाक देव नको! ओटीर कोणी जमलो तर तेका आपल्या घराची वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली. मावशीचा आवाज बाजारात जातो तसा गेला.

मावशीचं तोंड उघडंच होतं. आपण काय म्हटलं ते तिच्या लक्षात येत होतं, एकेक शब्द करून. मी काकांना फक्त दाराचं सांगितलं होतं, सुनेचं आणि कानांचं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. ते नारळ फोडायच्या गडबडीत होते, डोळे खाली. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी नव्हती, फक्त पदराचं टोक आत जाताना दिसलं.

"काकानू," मावशी शेवटी म्हणाली, "ह्या गाऱ्हाण्यात ह्या कोणी घातल्यान?"

"मी घातलंय. आणि तू व्हय म्हटलंस. देवान आयकल्यान," असं म्हणून काकांनी तिच्या हातावर खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवला.

राउटर पडवीत आला. बाबांनी तो परत सुताने बांधला, या वेळी जरा सैल. वहिनीच्या खोलीत, फणसाचं दार लावून, लॅपटॉपवर काड्या पूर्ण आल्या. ओटीवर, मधली दारं उघडी ठेवली तर, दोन.

तीन दिवसांनी बोट बंदराला लागली. सगळ्यांनी ओटीवर आपापली चौकशी उरकली. बाबांनी इंजिनाची, आईने तब्येतीची. मग वहिनीने लॅपटॉप उचलला, चालत्या बोलण्यासकट, आणि ती मागे गेली. दार लागलं. कडीचा आवाज आला. मावशी आली होतीच. ओटीच्या पायरीवर बसली होती, कारण पायरी म्हणजे ओटी नव्हे असं तिचं म्हणणं. आम्ही सगळे गप्प बसून चहा प्यालो. मागून काहीच ऐकू येत नव्हतं. मध्येच एकदा वहिनी हसली, मोठ्याने. लग्न होऊन आल्यापासून तिचं असं हसणं आमच्या घराने ऐकलं नव्हतं.

मावशी पायरीवरून अर्धी उठली. "काय सांगता आसात तो?"

"मावशे," धाकटा मोटारीवरची नजर न काढता म्हणाला, "व्हय म्हाराजा."

ती खाली बसली. जरा वेळाने चहाचा कप ठेवून खरोखरच आपल्या घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात तिने दारामागचं ते संभाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं म्हणे. लोकांना आवडलं. वहिनीने ते माझ्याकडून ऐकलं आणि नारळ खवता खवता म्हणाली, "ह्यांतला एकय वाक्य आमी बोलूक नाय." मग काय बोललात, असं मी विचारलं नाही. राउटर मी निवडला होता, पण दार तिने लावलं होतं.